पाहुण्यांच्या कपातला चहा

तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून मी रत्नागिरीला कायमचा घरी आलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी बायकोने मला सोनेरी काठाच्या कपात चहा दिला. खाली बशी, बशीत दोन बिस्किटं. हे कप मीच कुठल्याशा बंदरातून आणलेले. ते काचेच्या कपाटात असतात आणि पाहुणे आले की बाहेर निघतात. ती स्वतः ओट्यापाशी उभी राहून कान तुटलेल्या मगातून चहा पीत होती.

सुट्टीवर यायचो तेव्हाही मला हाच कप मिळायचा आणि मला तो मान वाटायचा. त्या सकाळी मात्र डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नऊ-नऊ महिन्यांनी येणारा, बॅगा उघडणारा, मनसोक्त मासे खाऊन परत जाणारा माणूस, तो पाहुणा नाही तर कोण? मला वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर रागही आला. आता मला या घरात पाहुणा राहायचं नव्हतं. रिकामा कप विसळायला उठलो, तर तिने तो हातातून काढून घेतला.

"तुम्ही बसा हो. मी करत्ये ना."

झाडांना पाणी घालायला गेलो तरी "बसा", नारळ सोलायला घेतला तरी "बसा". बसून बसून माणूस किती बसणार? आणि मग मला माझ्या बॅगेतले चार डबे आठवले. शेवटच्या फेरीत चार प्रकारचा पानांचा चहा आणला होता: हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा. बोटीवर एका जुन्या आचाऱ्याकडून मी तो करायला शिकलो होतो. हे काम घरात फक्त मलाच येत होतं. आता ओट्यापाशी उभं राहायला मला कोण अडवणार? मला एकदा काही सुचलं की दम धरवत नाही. डबे ओट्यावर मांडले आणि "उद्यापासून सकाळचा चहा माझा" असं जाहीर करून आंघोळीला गेलो.

परत येऊन बघतो तर हिरव्या चहाचा डबा उघडा आणि गॅसवर टोप खदखदतोय.

"अगं, हे काय केलंस?"

"तुम्हाला तयार मिळावा म्हणून टाकला. पण रंगच येईना मेल्याला. दोन चमचे आणखी घातले, दहा मिनिटं उकळला. बघा, आहे का रंग?"

तो चहा आम्ही दोघांनी प्यायला. कारल्याचा काढा परवडला. तिला गुपचूप गुळाचा खडा तोंडात टाकताना मी पाहिलं. मला इतकं हसू आलं की रागवायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी शिकवणी सुरू केली. रंगाच्या मागे लागायचं नाही, हा पहिला धडा. पान उकळायचं नाही. पाणी वेगळं तापवायचं, किटलीत पान टाकून त्यावर ओतायचं, झाकण ठेवायचं आणि घड्याळाकडे बघायचं. कपाला एक चमचा पान. पांढऱ्या चहाचं पान फुललेलं, हलकं असतं, म्हणून त्याचे दोन. हिरव्याला दोन मिनिटं, ऊलाँगला तीन, काळ्याला चार आणि पांढऱ्याला पाच. वेळ झाली की लगेच गाळायचा, नाहीतर कडू.

राहिलं पाणी किती तापवायचं ते. इथे मी इंजिनरूमचा माणूस. काट्याशिवाय माझा कशावर विश्वास नाही. थर्मामीटर टोपात धरून मी ऐंशी अंशांची वाट बघत वाकलो होतो, चष्म्यावर वाफ धरलेली. ती पाठमोरी वाल सोलत बसली होती. मान न वळवता म्हणाली, "उतरवा आता."

काटा बरोबर ऐंशीवर होता.

"तुला कसं कळलं?"

"पाणी गुणगुणायला लागलं ना. आधी गप्प असतं, मग गुणगुणतं, मग किरकिरतं आणि आधण आलं की परत गप्प होऊन नुसतं उसळतं. रोज भाताला आधण ठेवत्ये मी, कान काय उगाच आहेत?"

मी थक्क झालो. इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस मी, आणि माझ्याच घरातलं पाणी बोलतं हे मला ठाऊक नव्हतं. थर्मामीटर खणात टाकला. पुढचा आठवडा आम्ही दोघं डोळे मिटून टोपाशी उभे. गुणगुणलं की हिरवा, गुणगुण जरा चढली की पांढरा, किरकिरायला लागलं की ऊलाँग आणि पुरतं उसळलं की काळा. ऊलाँगचं पान फेकायचं नाही, त्यावरच पुन्हा दोनदा पाणी ओतायचं, हे कळल्यावर ती भलतीच खूश झाली. दुसऱ्या पाण्याचा चहा पहिल्यापेक्षा चांगला, असं तिनेच ठरवलं, आणि ते खरंच होतं. मला इतका आनंद झाला की शेजारच्या दोन घरांत नमुना देऊन आलो.

पण गाळताना ती माझ्यासमोर सोनेरी काठाचाच कप ठेवायची. बशीसकट. असली गोष्ट मागून घेण्यात काय अर्थ?

मग एका सकाळी संगमेश्वरहून तिचा मामेभाऊ आला. मी पडवीत पेपर वाचत होतो. त्याला बसवून पाणी दिलं, तेवढ्यात मागीलदारातून तिचा आवाज आला. ती तिथे मासे साफ करत होती.

"अहो, माझे हात बरबटलेत. चहा टाका तुम्ही. दुधाचाच टाका, त्याला तुमचं ते पिवळं पाणी नको. कालचं दूध आधी संपवा. आणि कपाटातला कप काढा."

मी ओट्यापाशी गेलो, टोप चढवला, आलं ठेचलं. कपाट उघडलं आणि हात तिथेच थांबला. ओरडून विचारलं, "किती काढू?"

"किती म्हणजे? पाहुणा एकच आहे ना?"

मी एक कप काढला. कपाट लावलं. पाहुण्याला बशी, बिस्किटं, सगळं नीट नेऊन दिलं. उरलेला चहा एका स्टीलच्या पेल्यात आणि तिच्या कान तुटलेल्या मगात ओतला आणि दोन्ही घेऊन मागीलदारी गेलो. पेला चांगलाच तापला होता, बोटं भाजत होती. तिने मनगटांनी मग धरून एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली. "डबा दुसऱ्या फळीवर असतो. लक्षात ठेवा."