तेवीस वेळा 'हो'

हसायचं तर खुशाल हसा, पण आधी हातातला कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना आमच्या शाळेतल्या एका सरांच्या नाकातून चहा आला होता. अठ्ठावीस वर्षं मी मराठीच्या उत्तरपत्रिका तपासतो आहे, मूर्खपणाचे पुष्कळ नमुने पाहिले. पण हा नमुना माझा स्वतःचा आहे, आणि त्याला मी शून्य गुण दिले आहेत.

आमच्या धाड गावातल्या घरात कॉम्प्युटर होता तो शोभाचा. शोभा माझी बायको, तीही शिक्षिका. नोकरीसाठी तिला संगणकाचा कोर्स करावा लागला आणि ती त्यात रमली. माझ्या कथा, माझी भाषणं, माझे रजेचे अर्ज, सगळं तीच वर्डमध्ये टाइप करायची. मला तिनं दोन बोटांनी मराठी टाइप करायला शिकवलं. त्यापुढचं मी शिकलो नाही. कशाला शिकू? ती होती ना!

गेल्या वर्षी ती गेली.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस राहिले तेव्हा धामणगाव बढ्याहून तिचा धाकटा भाऊ प्रकाश आला. तिचे जुने फोटो पेनड्राइव्हमध्ये घालून आणले होते. ते कॉम्प्युटरमध्ये टाकता टाकता तो थांबला.

"दाजी, हे काय हाय? ताईनं लिहेल दिसते. तेवीस फायली हायेत!"

मला माहीत होतं. संध्याकाळची भाजी निवडून झाली की ती टाइप करत बसायची. मधूनच विचारायची, "वाचता का?" मी म्हणायचो, "नंतर."

"वर्षश्राद्धाच्या दिवशी मायले वाचून दाखवू," प्रकाश म्हणाला. "तिले आता दिसत नाही. रोज म्हणते, पोरीचा आवाज आयकू येत नाही. हे आयकलं तं तेवढंच बरं वाटन तिले."

"नुसतं वाचायचं कशाला? छोटं पुस्तकच छापू," मी म्हणालो. लेखक ना मी!

प्रकाश गेला आणि मी ती यादी नीट पाहिली. नावं ऐका: नवीन. नवीन एक. भेंडी. फायनल. पक्कं फायनल. खरं पक्कं फायनल. मराठीच्या मास्तरची बायको, आणि ही अनुक्रमणिका? त्यात प्रत्येक नावाच्या शेवटी एक टिंब आणि इंग्रजीत 'डॉकएक्स' असं शेपूट!

बसलो सुधारायला. 'भेंडी'चं केलं 'परसातले दिवस'. 'नवीन एक'चं 'माहेरची सावली'. 'खरं पक्कं फायनल'चं 'कृतार्थ सहजीवन'. आणि ते शेपूट तेवीसच्या तेवीस ठिकाणी साफ पुसून टाकलं.

न वाचताच नावं दिली? हो. फाइल उघडायचा धीर होत नव्हता. नाव बदलायला ती उघडावी लागत नाही, ही गोष्ट मला फार सोयीची वाटली. आणि खरं सांगू? मला वाटलं, तिचं सगळं मला माहीतच आहे.

प्रत्येक वेळी कॉम्प्युटर इंग्रजीत काहीतरी लांबलचक विचारायचा. मी शेवटचे शब्द तेवढे वाचायचो: तुमची खात्री आहे ना? बऱ्याच दिवसांत घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी 'हो' दाबत गेलो. तेवीस वेळा.

चार दिवस उरले. छापायला द्यायचं म्हणून शेवटी मन घट्ट करून पहिली फाइल उघडायला गेलो. उघडेना! नावापुढचं निळं चिन्ह जाऊन तिथं कोरं पांढरं पान आलेलं. दुसरी? तीच गत. कॉम्प्युटर उलट मलाच विचारतो, कशात उघडू? पुढे भली मोठी यादी. मी एक नाव दाबलं. उत्तर आलं, हे चित्र दाखवता येत नाही. चित्र? कुठलं चित्र? दुसरं नाव दाबलं.

आणि उघडली की! पण आत काय? चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. सोयाबीनचं पोतं फुटून दाणे घरभर व्हावेत तसं. आणि सगळ्यात वर, अगदी सुरुवातीला, स्वच्छ इंग्रजीत दोन अक्षरं. पी के.

मी खुर्चीत ताठ बसलो. दुसरी फाइल तशीच उघडली. पी के. तिसरी. पी के!

प्रकाशचं आडनाव काकडे. अख्खं धामणगाव त्याला पीके म्हणतं. त्याच्या मोटरसायकलवर पीके, दुकानाच्या पाटीवर पीके. आणि पेनड्राइव्ह घालणाराही तोच!

इथं शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी फोन लावला.

"प्रकाश, ताईच्या लिखाणावर स्वतःचं नाव टाकलंस?"

"काय?"

"पीके लिहिलंय. प्रत्येक फाइलवर. तुझ्या पेनड्राइव्हनं सगळं नासवलं."

"दाजी, काय बोलून राह्यले तुमी? म्या फकस्त फोटो टाकले!"

"मग पीके कोण? मी?"

तो हळूच म्हणाला, "म्या ताईच्या लिहेल्याले हात लावीन काय हो? आता मायले काय सांगू?"

"सांग तिला, 'तुझ्या पोरानंच पुसलं' म्हणून."

कॉम्प्युटरमध्ये चुकून केलेलं परत घ्यायची सोय आहे म्हणे. फोनवर बोललेल्याला नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा शोभाच्या सुती साडीत गुंडाळून चिखलीच्या एसटीत बसलो. डबा मांडीवर. शेजारच्या आजी बराच वेळ पाहत होत्या.

"देव हाय काय, गुरुजी?"

काय सांगणार? मी मान हलवली. आजींनी साडीला हात लावून नमस्कार केला. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

चिखलीत बसस्टँडजवळ मीनाचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. मीना माझी जुनी विद्यार्थिनी, आता दोन लेकरांची आई. दारातच प्रकाश उभा. मी येणार हे मीनाकडून कळल्यावर धामणगावाहून सकाळीच निघून आलेला. रामराम नाही, काही नाही.

मीनानं डबा जोडला, यादी पाहिली.

"सर, या फायलींची नावं कोणं बदलवली?"

"मी. जरा नीटनेटकी केली."

"आन् शेवटचं डॉकएक्स?"

"ते शेपूट? काढलं. मराठी नावाला इंग्रजी शेपूट कशाला?"

मीनानं प्रकाशकडे पाहिलं. प्रकाशनं छताकडे.

"शेपूट नव्हतं, सर, वेसण होती ते! त्याच्यावरूनच तं कॉम्प्युटरले समजते फाईल कायची हाय. वेसण तुमीच काढली, आन् आता म्हणता बैल काऊन ऐकत नाही!"

"आणि पीके?" मी शेवटचा बुरूज लढवला.

"ते आतून असतेच अशा फायलीत." तिनं स्वतःच्या दुकानातला एक अर्ज तसाच वेडावाकडा उघडून दाखवला. सुरुवातीला पी के. "हा बी प्रकाशभाऊनं केला काय?"

"केला असंन," प्रकाश म्हणाला. "माहा काय भरोसा!"

मला मान वर करता येईना. मीनाला मात्र आता गंमत वाटायला लागली होती.

"पण सर, पुसायच्या आधी कॉम्प्युटरनं विचारलं असंन ना तुमाले?"

"विचारलं."

"किती खेप?"

"तेवीस."

"तुमीच तं आमाले आठवीत सांगत होते, प्रश्न दोनदा वाचा, मंग उत्तर लिहा!"

आधी प्रकाश हसला. मग मीना. शेवटी मीही हसलो, पण माझं हसू मध्येच अडकलं. त्या यंत्राला मी तेवीस वेळा 'हो' म्हटलं होतं. 'वाचता का?' विचारणाऱ्या बाईला एकदाही नाही.

"प्रकाश," मी म्हणालो, "मी मायला स्वतः सांगतो, चूक माझी होती."

"सांगा," तो म्हणाला. "आन् आधी पीकेले चहा सांगा."

मीनानं 'कृतार्थ सहजीवन'ला त्याचं डॉकएक्स परत लावलं. निळं चिन्ह आलं. तिनं दोनदा टिचकी मारली आणि फाइल उघडली. अख्खी, शोभाची, काना-मात्रेसकट. माझा चष्मा पुसूनही साफ होईना, म्हणून मीनानंच पहिलं वाक्य वाचलं.

"हे काही ही फाईल कधी उघडणार नाहीत, म्हणून खरं खरं लिहिते."

मीनानं माझ्याकडे पाहिलं.

"पुढं वाचू का, सर?"

"हो," मी म्हणालो. चोविसाव्यांदा. या वेळी प्रश्न नीट ऐकून.

सगळ्या फाइलींना मी तिचीच नावं परत दिली. 'भेंडी' आता 'भेंडी'च आहे. त्यात लिहिलंय की ती माझ्यावर रागावली की भेंडी करायची, आणि वीस वर्षांत मला हे कळलं नाही. आणि मी समजत होतो, माझ्या आवडीचं म्हणून करते!

वर्षश्राद्धाला प्रकाशनं सगळं वाचून दाखवलं. सासूबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या. भेंडीला तर त्या तोंडाला पदर लावून हसल्या. संपल्यावर माझ्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "जवाईबापू, ती असतानी वाचलं होतं काय हे तुमी?"

मी 'नाही' म्हणालो.

'कधी उघडणार नाहीत' हे तिचं वाक्य निदान उशिरानं तरी मी खोटं पाडलं, असं मला घरी येईपर्यंत वाटत होतं. मग आठवलं, फाइल उघडली होती मीनानं.