दीड हात प्लास्टिकची नळी

काजूच्या बिया भाजायचा ड्रम, पदेराच्या पावभट्टीचं दार, खनिजाचे नमुने सुकवायचा ओव्हन... आणि गेल्या पावसाळ्यात साडेसातशे अंशांवर एक अंशही न हलणारी क्वार्ट्झ ट्यूबची भट्टी. सगळं डिचोलीच्या माझ्या शेडमध्ये, माझ्या हातांनी केलेलं. शिक्षण दहावी नापास.

ही शेवटची भट्टी एका लॅबसाठी. तिथे चिपवर लोखंडाचा थर देतात, डोळ्यांना दिसणारही नाही इतका पातळ. त्यावर गरम गॅस सोडला की कार्बनच्या नळ्या उगवतात. आयुष्यभर खाणीतलं लोखंड ट्रकांनी जाताना पाहिलं, आणि इथे कणभर लोखंडावर रान...

मायक्रोस्कोपखाली पाहिलं. भाताच्या तरव्यासारखं दाट, एकमेकांच्या आधाराने सरळ उभं. एकेक नळी केसाच्या दहा हजाराव्या भागाएवढी. पेडण्याची अनुजा त्यावर पीएचडी करते. तिने बारीकसा रोलर फिरवला आणि सगळं रान एकाच दिशेला आडवं झालं. उद्याच्या चिपमधल्या तारा अशा मांडायच्या म्हणे.

एकच गोष्ट सलत होती. स्टीलचा पाइप वेळेवर न आल्याने गॅससाठी मी प्लास्टिकची नळी जोडली होती. माझ्या कामात प्लास्टिक? डिसेंबरात सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा स्टील बसवलं. कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर रान उगवेना. तीन आठवडे काहीच नाही. महिनाअखेरीस नमुने दिले नाहीत तर अनुजाचं वर्ष जाणार होतं. फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "काका, म्हजेंच कितें तरी चुकता." भट्टीवर तिने संशयसुद्धा घेतला नाही... तेच मला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जुनी नळी घेऊन लॅब गाठली आणि तिच्या गाइड मॅडमसमोर सगळं कबूल केलं. मॅडमनी समजावून सांगितलं. प्लास्टिकमधून हवेतला ओलावा किंचित झिरपतो. तेवढ्या पाण्याने लोखंडावर काजळी धरत नाही, म्हणून कार्बनच्या नळ्या वाढत राहतात. माझ्या स्टीलने तेच बंद केलं होतं.

"मेस्त्री, तुम्ही काम जास्तच चांगलं केलंत," मॅडम म्हणाल्या.

नळी परत जोडली. संध्याकाळी चिप बाहेर काढली तर वर काळी मखमल. अनुजा म्हणाली, "काका, आता हिला हात लावूं नाकात."

नमुने वेळेत गेले. मग पुण्याच्या एका कंपनीचा माणूस शेडवर आला. हीच भट्टी, हीच नळी, दहा नग हवेत म्हणाला. मी म्हटलं, नेमका किती ओलावा लागतो ते मोजता येईपर्यंत एकही देणार नाही. नाहीतर तिकडेही एखादी पोर स्वतःलाच दोष देत बसेल... बावीस लाख देत होता.