ओट्यावरचा माणूस

माझं माहेर नांदेडचं आणि सासर लातूरचं. दोन्ही घरं ख्रिस्ती, तरी प्रार्थनेच्या बाबतीत दोन घरांत जमीनअस्मानाचा फरक होता. माहेरी जेवणाआधी वडील दोन वाक्यांत उरकायचे, कारण भाजी गार होते. सासरी सासूबाई होत्या. निवृत्त शिक्षिका. सगळी मंडळी त्यांना बाई म्हणायची आणि दर बुधवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत बायकांची प्रार्थनासभा भरायची. चहा माझ्याकडे असायचा.

या सभेचा एक रिवाज होता. ज्या बाईची काही अडचण असेल तिनं ती सगळ्यांसमोर सांगायची. मग दुसरी कुणीतरी म्हणायची, "हे ओझं माझ्याकडे." तिथून पुढे रोज सकाळी त्या अडचणीसाठी तिनं प्रार्थना करायची, उत्तर मिळेपर्यंत. उत्तर मिळालं की जिची अडचण तिनं स्वतः येऊन, उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे देवानं काय केलं ते सांगायचं. मगच ओझं उतरायचं. निरोप पाठवून भागत नसे. या बाबतीत सासूबाई फार कडक होत्या.

त्यांची स्वतःची मागण्याची रीत शिंप्याला माप द्यावं तशी होती. मुखेडच्या कुणाच्या सुनेसाठी मागायचं झालं तर गाव, तालुका, जिल्हा सगळं सांगायच्या, जणू देव चुकून दुसऱ्याच कुणाच्या सुनेला बरं करून बसेल. मी आत कप विसळताना ऐकायची आणि मला हसू यायचं.

औशाच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक बाई सभेला यायची. तरुण होती. सोबत लहान मुलगी असायची. नवरा गवंडीकाम करायचा आणि पिऊन यायचा. पिऊन आला की ही दाराला आतून कडी लावायची आणि तो ओट्यावर झोपायचा. महिन्यातले बहुतेक दिवस ओट्यावरच. हे तिनं सभेत सांगितलं आणि सासूबाईंनी ओझं घेतलं. मग रोज सकाळी मी चहा ठेवत असताना त्यांचं मागणं सुरू. त्याची दारू सुटू दे, ओट्यावरून तो आत येऊ दे, आपल्या घरात, आपल्या अंथरुणावर निजू दे. माप चोख होतं.

आणि त्याची दारू सुटली. कशानं सुटली ते मला ठाऊक नाही. तिनं कुणाकडून तरी कळवलं की आता मालक आत झोपतात. सासूबाईंनी उलट निरोप धाडला की बुधवारी ये आणि साक्ष दे.

ती आली, मुलीला घेऊन. उभी राहिली, लाजत लाजत चार वाक्यं बोलली, आणि बायकांनी गाणं म्हटलं. तो गणपती विसर्जनाचा दिवस होता. मिरवणुकांनी रस्ते भरले होते, स्टँडपर्यंत पोचणं मुश्कील होतं. सासूबाई म्हणाल्या, राहा आजच्या दिवस, सकाळच्या गाडीनं जा. मायलेकी आमच्याकडे राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंतीला भेग गेली, फळीवरचे डबे पडले, एवढंच. तिच्या गावात घरं दगडी भिंतींची होती आणि वर मातीची जड माळवदं. आत झोपलेले गेले. अंगणात, शेतात, ओट्यावर जे होते त्यातले कितीतरी वाचले. तिचा नवरा आत होता.

रविवारी आम्ही तिला चर्चला घेऊन गेलो, कारण घरात एकटी कशी ठेवायची. तिथं मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ उभे राहिले. चांगला माणूस, भूकंपग्रस्तांसाठी पहिल्या दिवसापासून राबत होता. त्यांनी देवाचे आभार मानले की आपली एक भगिनी साक्ष द्यायला लातूरला आली म्हणून लेकरासकट वाचली, साक्षीचं हे फळ. लोक आमेन म्हणाले. ती माझ्या शेजारी मुलीला मांडीवर घेऊन बसली होती आणि समोरच्या बाकाच्या पाठीकडे बघत होती. आमच्या माणसांना गप्प बसता येत नाही, प्रत्येक गोष्टीची साक्ष करून टाकतात. मला त्या गृहस्थांचा राग आला, तो पुढे बरीच वर्षं गेला नाही.

दुपारी घरी ती माझ्यासोबत मेथी निवडायला बसली. सासूबाई खुर्चीवर होत्या. ती मान वर न करता म्हणाली, "बाई, मालक पीत राहिले असते तर ओट्यावर असते."

 त्या दिवशी सासूबाई जेवल्या नाहीत. माझं त्यांच्याशी फारसं पटत नसे, पण त्या दुपारी मला त्यांची कीव आली.

पुढे काही काळ ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मग मुलीच्या शाळेसाठी लातूरला आली. तोवर शहरात क्लासेसचं पीक आलं होतं. हदगाव, मुखेड, मुरुड, कुठकुठली पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहत होती आणि त्या सगळ्यांना डबा लागत होता. तिनं आमच्या गल्लीतच खानावळ काढली. बुधवारच्या सभेला ती न चुकता यायची, दाराजवळ बसायची, गाणी म्हणायची. अडचण मात्र कधी सांगितली नाही आणि कुणाचं ओझंही घेतलं नाही.

आता सभेत मागण्या एकाच प्रकारच्या झाल्या होत्या. बारावी, प्रवेश परीक्षा, मेडिकल. इतर धर्मांचे आईबापही पोरांना खोलीवर सोडायला आले की आमच्या दारात थांबायचे. मुरुडचा एक मुसलमान दुकानदार सासूबाईंना म्हणाला, "बाई, पोराला दुवा में याद रखना." त्या हो म्हणाल्या. पण माप देणं त्यांनी सोडलं होतं. आता त्या नाव घेत आणि गप्प होत. काही पालकांना हे अपुरं वाटायचं, कुणी कुणी किती मार्क हवेत ते तरी सांगून ठेवा म्हणायचे.

मग खानावळवालीच्या मुलीचं बारावीचं वर्ष आलं. हुशार होती, तिलाही मेडिकललाच जायचं होतं. एका बुधवारी ती स्वतः उभी राहिली आणि म्हणाली, माझ्या परीक्षेसाठी प्रार्थना करा. कुणी ओझं घ्यायच्या आत आई दाराजवळून उठली.

"न्हाई," ती म्हणाली. "माझ्या पोरीसाठी कुनी काही मागू नका. बाई, तुमी बी न्हाई."

"नाही मागणार," सासूबाई म्हणाल्या. पोरगी लाल झाली आणि तडक निघून गेली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती पोरगी आमच्याकडे आली. सासूबाईंच्या समोर उभी राहून म्हणाली, "समद्या पोरांसाठी मागता. माझं काय चुकलं?" आणि रडायला लागली. सासूबाईंनी चष्मा पुसला. तुझ्या आईला शब्द दिलाय, म्हणाल्या. मग चप्पल घातली, मुलीचा हात धरला आणि खानावळीकडे निघाल्या. चालताना त्यांना धाप लागायची म्हणून मीही मागोमाग गेले.

आई कणीक मळत होती. त्या दिवशी सगळ्याच पोरांची परीक्षा होती, घाई होती. सासूबाई म्हणाल्या, "ही माझ्याकडे आली होती. मी मागत नाही. तू माग."

"मला भ्या वाटतंय, बाई."

"मलाही वाटतं," सासूबाई म्हणाल्या. हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. त्यानंतरही ऐकलं नाही.

बाहेर पोरं डब्यासाठी हाका मारत होती. मुलगी खाली मान घालून उभी होती. शेवटी आईनं पिठाचा हात तसाच तिच्या डोक्यावर ठेवला.

"देवा," ती म्हणाली, "सांजच्याला ही मला दिसू दे. बाकी तुझं तू बघ."

मुलीच्या भांगात पीठ लागलं, ते मी पदरानं झाडलं. ती रिक्षात बसून गेली. दुपारभर आई खानावळीच्या पायरीवर उभी होती. पोरं जेवून गेली, भांडी तशीच पडली, ती हलली नाही.

पुढच्या बुधवारी सभेत गाणं संपलं आणि ती दाराजवळून उठली. साक्ष आहे, म्हणाली. "त्या दिवशी पोरगी पेपर देऊन घरी आली. मला दिसली."

बायका पुढचं ऐकायला थांबल्या. निकाल तर अजून लागायचा होता. पण तिचं सांगून झालं होतं आणि ती खाली बसली. सासूबाईंना आमेन म्हणायला बराच वेळ लागला.