डाव्या कानाशी

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. ॲनॅटॉमी शिकवणाऱ्या बाईला तो परवडतच नाही... डिसेक्शन हॉलमध्ये अर्धं आयुष्य गेलं, तिथल्या एकानेही कधी मला साधा नमस्कार केला नाही.

मी बडोद्याची, हरणीला राहते. आमचे 'हे' रिफायनरीत होते, मागच्या वर्षी गेले. मला नावाने हाक मारणं त्यांना कधी जमलंच नाही. 'ऐकलंस का' – हेच माझं नाव. वर चेष्टा, "जगाला कान शिकवते, आमचं ऐकायला मात्र वेळ नाही." ते गेले आणि घरातलं मराठीच संपलं. सोसायटीत 'केम छो, बेन', कॉलेजात इंग्रजी. फार एकटं वाटतं हो, खोटं कशाला बोलू.

तर, दुपारचा क्लास. कानातली तीन हाडं दाखवून झाली – हातोडी, ऐरण, रिकीब. मग ट्यूनिंग फोर्क. तो वाजवून कानामागच्या हाडावर टेकवायचा, आवाज विरला की कानासमोर धरायचा; चांगल्या कानाला परत ऐकू येतो. जवळच्या पादरा गावची एक गुजराती मुलगी पुढे आली, पेशंट मीच झाले. हाडावरचा आवाज विरला, मी बोट वर केलं, तिने फोर्क डाव्या कानाशी आणला...

"ऐकलंस का?"

ह्यांचाच आवाज. अगदी रोजच्यासारखा. आणि मी सवयीने, मानही न वळवता म्हणाले, "अहो, थांबा जरा, क्लास चालू आहे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भास झाला असणार, दुसरं काय... तेवढ्यात त्या मुलीने हळूच अर्थ विचारला, "मॅडम, 'अइकलस का' एटले शुं?"

ते शब्द मी उच्चारलेच नव्हते. क्लासमध्ये मराठी कुणालाच येत नाही. मी कसंबसं त्याचं गुजराती सांगितलं, "सांभळ्युं के?"

तिला वाटलं मी तिलाच विचारतेय. म्हणाली, "हा मॅडम, में पण सांभळ्युं." म्हणजे तिनेही ऐकलं होतं.

कानाचे डॉक्टर असलेले मित्र म्हणतात, स्ट्रेस. असेल माझा... पण तिचं काय? हल्ली संध्याकाळी फोर्क वाजवून कानाशी धरते. नुसती गुणगुण येते, आणि तीही विरते. आता मला कसलीच घाई नाही. पण मी थांबा म्हटलं, आणि ते थांबलेच.