चपलांचा नंबर

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, इंग्रजी शाळेत शिकलेली मी शिरूरच्या एका खासगी दवाखान्यात रिसेप्शनला लागले, तेव्हा माझा आवाज काउंटरच्या काचेपलीकडे पोचत नसे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. रोज सकाळी नंबरावरून भांडणं व्हायची. मी "प्लीज, प्लीज" म्हणत राहायचे, कुणी बघायचंही नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत बघू. नाहीतर इथं कुणीतरी खमकं बसवावं लागेल." त्यानंतर मला डबा जाईना.

त्याच आठवड्यात पुण्यात कंपनीत असलेला त्यांचा भाचा आला. रविवारी आम्हा सगळ्यांना बाकांवर बसवून त्याने 'डिझाइन थिंकिंग'चं वर्कशॉप घेतलं. उपाय नंतर, आधी पेशंटच्या जागी उभं राहून बघा, म्हणाला. रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. भिंत भरत गेली: टोकन मशिन, वॉचमन, टीव्ही. एका चिठ्ठीवर 'मोठ्या आवाजाची बाई' असंही होतं. अक्षर डॉक्टरांचं होतं. मी ते ओळखलं आणि मान खाली घातली.

माझी चिठ्ठी कोरीच होती. भांडण कुठून सुरू होतं ते मला ठाऊक होतं. न्हावऱ्याची, कवठ्याची माणसं पहिल्या एसटीनं येत, दाराबाहेर चपला ओळीत काढून ठेवत आणि चहाला जात. चप्पल हाच त्यांचा नंबर. मग झाडणाऱ्या मावशी येत आणि सगळ्या चपला कोपऱ्यात ढकलत. पण हे सांगायचं तर मावशींचं नाव घ्यावं लागणार, आणि त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. दवाखान्यात माझी विचारपूस करणाऱ्या त्या एकट्याच.

"तुम्ही काय लिहिलंय?" भाच्यानं मला विचारलं.

मी उठले, बाहेर गेले, आमच्याच सगळ्यांच्या चपला दारापाशी ओळीत लावल्या आणि झाडू घेऊन एका कोपऱ्यात लोटल्या. परत वळायचा धीर होईना.

मागून मावशींचा आवाज आला. "आगं बया! म्हंजी समदी भांडणं म्याच लावते व्हय?" सगळे हसले. "मग आधी झाडून घेत जाते की. त्यात काय! तोंडानं सांगायचं पोरी, माझ्या चपलेला कशाला झाडू?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी उजाडताच झाडलं. भाच्यानं दाराबाहेर फरशीवर खडूनं चौकोन आखले, त्यांत आकडे घातले. मी काचेआडून बघत होते. चौकोन शांतपणे भरत गेले. मग एका आजींनी एका चौकोनात डावी चप्पल ठेवली आणि पुढच्यात उजवी.

"ही माझी, आन् ही सुनंची. ती मागनं येतीय."

"आजे, म्हशीचा बी लावा नंबर! चार चौकोन लागत्याल," मागचा एकजण म्हणाला. दुसरा थेट चप्पल उचलायला वाकला. आवाज चढले. डॉक्टर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. आजींकडे नाही, माझ्याकडे बघत.

मी काचेबाहेर आले. "आजी, जोडी एकाच चौकोनात ठेवायची! सूनबाई आल्या की त्यांचा नंबर त्या लावतील."

आवाज चिरकला, पण दारापर्यंत गेला. आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"वरडती कशापायी? ऐकू येतंय मला," त्या म्हणाल्या आणि पायानंच उजवी चप्पल डावीशेजारी सरकवली.

डॉक्टर आत गेले. मी काउंटरवर जाऊन पहिला नंबर पुकारला.