मुळाजवळ थांबलेले जंतू

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझ्या पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू होतं, आणि सगळं काम पाण्यापाशी येऊन अडलं होतं.

माझा विषय हरभऱ्याच्या मुळाभोवतीच्या मातीत राहणाऱ्या जंतूंचा. हे जंतू पोहतात. अंगाला बारीक शेपट्या असतात; त्या गरगर फिरवत ते मातीच्या कणांमधल्या ओलीतून पुढं सरकतात. मुळातून साखर, आम्लं असं काहीबाही पाझरत असतं. त्याचा माग काढत ते मुळाशी येतात आणि तिथं पोहणं सोडून देतात. शेपटी घडवणारी जनुकं बंद होतात, चिकट थर तयार करणारी सुरू होतात, आणि जंतू मुळाला बिलगून राहतो. हे चालू-बंद ज्यांच्या हातात असतं अशा जनुकांपैकी एकावर मी काम करत होते. ते एकच जनुक मोडलेला जंतूही आमच्याकडं होता. तो मुळाशी यायचा, पण राहायचा नाही. पोहतच सुटायचा.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे थांबावं कुठं हेच त्याला कळंना. मग मुळाला त्याचा उपेग काय?"

"काहीच नाही. तेच तर दाखवायचंय, बाबा."

"लई बारीक काम हाय माय तुझं."

बाबा स्वतः मातीतलेच. लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी नवी ऑफिसं उघडली, तेव्हा जळकोटकडच्या आमच्या खेड्यातून येऊन ते माती तपासणीच्या ऑफिसात शिपाई म्हणून लागले. त्याआधी आजोबांसोबत दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. नोकरीत त्यांनी जिल्हाभरची माती पिशव्यांत भरून आणली. माझ्या प्रयोगाचे हरभरेही त्यांनीच औशाजवळच्या एका रानातून काढून दिले होते. मी झाड उपटायला गेले तर हात धरला. "उपटू नको. बारीक मुळ्या तुटून मातीतच राहतात." मग गुडघ्यावर बसून, खुरप्यानं चारी बाजूंनी कोरून त्यांनी मातीच्या गड्ड्यासकट झाड बाहेर काढलं आणि तान्ह्या लेकरासारखं माझ्या ओंजळीत दिलं. तेव्हा ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती.

तर पाण्याचं. प्रयोगाला ऊर्ध्वपातित पाणी लागतं, म्हणजे वाफ करून परत गार केलेलं. आमच्या कॉलेजात ते करायचं यंत्र होतं, पण वाफ गार करायला त्याच्या नळीवरून साधं पाणी सारखं सोडावं लागतं. एक लिटर शुद्ध पाण्यासाठी कितीतरी पाणी मोरीत जायचं. गावात लोक घागरी घेऊन टँकरमागं पळत असताना ते कोण चालवणार? गाईड मॅडमनी स्वतः बटण बंद करून त्यावर कापड टाकलं. टँकरचं पाणी तसंच वापरून पाहिलं, तर त्यातल्या क्षारांनी जंतू पोहायचेच बंद झाले. मग मॅडमनी नांदेडला त्यांच्या मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत शब्द टाकला, आणि मी दर आठवड्याला एसटीनं जाऊन पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून आणू लागले.

एका आठवड्यात रोपं नेमकी पाझर गोळा करायच्या अवस्थेत आली. त्यांना सोडून जाता येईना. बाबा म्हणाले, "मी जातो. जन्मभर माती वाहिली, आता पाणी वाहतो."

सकाळी गेलेले बाबा दुपारी चारपर्यंत यायला हवे होते. आले सहा वाजता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा उन्हानं काळवंडलेला. कॅन टेबलावर ठेवले. एक पूर्ण रिकामा, दुसऱ्यात तळाशी दोनेक लिटर.

"सांडलं का?"

"न्हाई." ते स्टुलावर बसले. "पाजलं."

परतीच्या वाटेवर लोहा गाव सोडल्यावर गाडी तापून बंद पडली होती. आजूबाजूला झाड नाही, घर नाही. ड्रायव्हरनं इंजिनात टाकायला पाणी मागितलं, तेव्हा बाबांनी कॅन मांडीवर घेतले आणि साफ नाही म्हणाले. पोरीच्या परीक्षेचं पाणी आहे म्हणाले. कंडक्टर कुठूनतरी पाणी आणायला रस्त्यानं चालत निघाला. तास गेला. लोकांच्या बाटल्या संपल्या. बाबांच्या पुढच्या सीटवर एक म्हातारी होती, दवाखान्यातून परत चाललेली. तिला दोनदा उलटी झाली, मान कलंडली. तिची सून मागं वळून नुसती कॅनकडं बघत राहिली.

"मग म्या झाकण उघडलं," बाबा म्हणाले. "तिला दिलं, मग लेकरांना दिलं. मग कोणाला न्हाई म्हणू?"

मी चिडले. चार दिवसांची रोपं वाया जाणार होती. "बाबा, त्यावर मी चिठ्ठी लावली होती ना, प्रयोगासाठी म्हणून! आता काय करू मी?"

त्यांनी हळूच विचारलं, "ते पाणी पोटात गेलं तर काही व्हतं का गं? म्हातारीला?"

"काही होत नाही."

"हाव का? वाटभर तोच घोर व्हता मला." त्यांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "माय, आमच्या लहानपणी गावातल्या आडाला आम्हाला शिवू देत नव्हते. माझी आई घागर घेऊन लांब उभी राहायची, कोणाला दया आली तर वरून वतायचे. आमच्या हातचं तर कोणी घोटभरबी पेलं नसतं. अन् आज सारी गाडी माझ्याम्होरं ओंजळ करून उभी. कोणी विचारलं न्हाई, तू कोणाचा, कुठल्या घरचा. माझी जीभच वळंना न्हाई म्हणाया."

आई-बाबांनी अशा गोष्टी घरात फारशा काढल्या नव्हत्या. आजोबांनी दीक्षा घेतली तिथपासूनच आमचा इतिहास सुरू होतो, असं मला वाटायचं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग माठातलं पाणी दिलं, कारण सगळ्यांना पाजून हा माणूस स्वतः तसाच आला होता.

दोन लिटरमधून काचेची भांडी विसळायला, रोपांना आणि द्रावणांना लागलेलं वगळता फार थोडं उरलं. साठ बशा ओतायच्या होत्या, तिथं जेमतेम सोळा झाल्या. या बशांमध्ये पातळसर जेली असते. मधोमध जंतूचा थेंब ठेवला की तो पोहत पसरतो आणि गोल वर्तुळ उमटतं. मुळांचा पाझर घातलेल्या बशीत जनुक शाबूत असलेला जंतू लवकरच थांबतो, वर्तुळ लहान राहतं. एरवी मी दुसऱ्या दिवशी वर्तुळं मोजून बशा धुवायला टाकत असे. या वेळी टाकवेनात. नवीन कुठून आणणार? म्हणून तशाच ठेवल्या.

चौथ्या दिवशी बाबा डबा घेऊन आले आणि उजेडाकडं बशी धरून म्हणाले, "हे तर परत निघाले की."

मी बशी हिसकावूनच घेतली. थांबलेल्या वर्तुळाच्या कडेला पुसट, नवीन कडं पसरलं होतं. पाझर घातलेल्या सगळ्याच बशांत तेच.

मॅडम म्हणाल्या, "घाई नको. जनुक बिघडलेले जंतू निपजले असतील." ते खरंही असू शकत होतं. मी बाहेरच्या कडेवरचे जंतू उचलले आणि राखून ठेवलेल्या शेवटच्या दोन बशांत, ताज्या पाझरावर ठेवले. बिघडलेले असते तर पोहतच राहिले असते. ते थांबले. जनुक शाबूत होतं. आधीच्या बशांतला पाझर जंतूंनी खाऊन संपवला होता, म्हणून ते पुन्हा पोहायला लागले होते. मी चार वर्षं त्यांच्या थांबण्याबद्दल वाचत होते. ते पुन्हा निघतात का, हे मी बघितलंच नव्हतं, कारण तोवर माझ्या बशा धुऊन झालेल्या असायच्या.

पाऊस झाल्यावर साठ बशांवर तेच पुन्हा करून पाहिलं. प्रबंधात त्याचं वेगळं प्रकरण झालं.

तोंडी परीक्षा नांदेडला होती. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेवटी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" मग बाबा उभे राहिले.

"मला एवढंच पुसायचंय," ते परीक्षकांना नाही, मला म्हणाले, "थांबलेले जंतू पुन्हा निघतात, तवा त्यांना शेपटी नवी फुटते का जुनीच व्हती ती हालवतात?"

कोणीतरी हसलं. परीक्षक हसले नाहीत. ते पेन खाली ठेवून माझ्याकडं वळले.

"नवी फुटत असावी," मी म्हणाले, "पण मी पाहिलेलं नाही."

"मग बघायला पायजे," बाबा म्हणाले, आणि खाली बसले.