कॉवुडांच्या घरचं गरम पाणी

ग्लेनिस थॅकरेनं जन्मात कधी बॉयलर उघडला नव्हता, पण इंग्लंडमधल्या हल शहराच्या पूर्व भागातल्या भाड्याच्या घरांमधल्या बॉयलरांची दुखणी तिला फोनवरूनच कळत. आधी ती होती तो मासळीचा कारखाना बंद पडल्यावर ती ही घरं सांभाळणाऱ्या एका संस्थेत तक्रारींच्या फोनवर लागली, त्याला आता बारा वर्षं झाली होती. समोरच्या पडद्यावर प्रश्न लिहिलेले असत, ते तिनं ओळीनं विचारायचे. दाबाचा काटा एकच्या खाली आहे का? मग बॉयलरखालची चावी हळूच फिरवा, दीडवर आला की बंद करा. थंडीत बाहेरची नळी गोठली असेल तर तिच्यावर कोमट पाणी ओता. निम्म्या लोकांचं काम एवढ्यावरच भागे, आणि आपल्या सांगण्यावरून कुणाच्या तरी घरात पाणी तापलं याचा तिला खरोखर आनंद होई.

तिचा साहेब क्रेग पेल भिंतीवर एक तक्ता लावायचा. मेकॅनिक न पाठवता कुणी किती तक्रारी मिटवल्या, त्याचा. ग्लेनिसचं नाव कायम वर असे.

मे महिन्यात डेस्मंड कॉवुड यांचा फोन आला. बसचे निवृत्त ड्रायव्हर, आवाज शांत. अर्धांगाच्या झटक्यानं बायको एनिड अंथरुणाला खिळलेली.

"नळाला गरम पाणी येत नाही. हीटिंग लावलं की येतं, बंद केलं की गार."

ग्लेनिसच्या तेव्हाच लक्षात आलं. असल्या बॉयलरमध्ये पाणी कधी नळाकडे तर कधी खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरांकडे वळवणारा एक व्हॉल्व्ह असतो, तो अडकलाय. पण पडद्यावर तो प्रश्नच नव्हता. तिनं काटा विचारला, बटण दाबायला लावलं आणि शेवटी मेकॅनिकची वेळ दिली.

मेकॅनिक ठेकेदाराचा माणूस, दिवसाला दहा घरं उरकणारा. तो आला त्या सकाळी हवेत गारठा होता, घरात हीटिंग चालू होतं. त्यानं नळ सोडला, पाणी कढत. 'दोष आढळला नाही' असं लिहून गेला. कॉवुडांनी पुन्हा फोन केला. या वेळी ग्लेनिसनं मोठ्या अक्षरांत लिहिलं, हीटिंग बंद करून तपासा. तिचं लिहिलेलं वाचतं कोण? दुसऱ्यांदाही एनिडला धुण्यासाठी हीटिंग चालूच होतं, आणि तेच झालं.

ती क्रेगकडे गेली. "व्हॉल्व्ह अडकलाय, क्रेग. मी पैजेवर सांगते."

"तू फोन घेतेस, ग्लेनिस. मेकॅनिक कधी झालीस?" तो हसतच म्हणाला, पण मान वर केली नाही.

कॉवुडांचा तिसरा फोन आला तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत नवं वाक्य उमटलं. ते वाचून दाखवल्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. ग्लेनिसनं ते वाचलं. "याही खेपेला दोष आढळला नाही, तर भेटीचा आकार भाडेकरूकडून वसूल करण्यात येईल."



"बरं," कॉवुड म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. ही तक्रार मेकॅनिक न पाठवताच मिटली म्हणून तक्त्यावर ग्लेनिसच्या नावापुढे आणखी एक खूण पडली. ती खूण तिला टोचत राहिली. जुलैतल्या एका शनिवारी बस पकडून ती त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

दार उघडलं तशी गरम हवेची झळ अंगावर आली. भर उन्हाळ्यात रेडिएटर तापलेले, खिडक्या सताड उघड्या. कॉवुडांचा बनियन घामानं पाठीला चिकटला होता.

"मी ग्लेनिस. तक्रारींच्या..."

"आवाजावरून कळलं. आकार लावणारी तूच ना?"

"ते लिहिलेलं असतं, मिस्टर कॉवुड. मला वाचावं लागतं."

"वाचलंस छान. एक अक्षर चुकली नाहीस." त्यांनी दार अर्धंच धरून ठेवलं होतं. "हिला अंग धुवायचं, तर आधी तासभर घराची भट्टी करायची. धुऊन होईतो ती परत घामाघूम. मग पुन्हा पुसायची. आता काय, बटण दाबायला आलीस?"

"व्हॉल्व्ह बिघडलाय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आपण लेखी तक्रार करू, मी लिहून देते."

कॉवुड तिच्याकडे बघतच राहिले. "पहिल्याच दिवशी?"

ग्लेनिसनं होकारार्थी मान हलवली.

"तुला ठाऊक होतं, आणि तरी मला तीनदा बटण दाबायला लावलंस. जा तू, बाई." त्यांनी दार लावून घेतलं. आपटलंसुद्धा नाही.

सोमवारी तिनं स्वतःच तक्रार नोंदवली. मेकॅनिक गेला नाहीच. उलट भाडेकरूच्या घरी परस्पर गेल्याबद्दल तिला लेखी समज मिळाली, आणि ती नोंद बंद करण्यात आली.

सप्टेंबरात एनिडला शुश्रूषागृहात हलवलं. एकट्याला घर नको म्हणून कॉवुड किल्ल्या देऊन ब्रिडलिंग्टनला बहिणीकडे गेले. नियम असा, की बॉयलर नीट असल्याशिवाय घर नव्या भाडेकरूला देता येत नाही. रिकाम्या घरात हीटिंग अर्थातच बंद होतं. मेकॅनिकनं नळ सोडला, पाणी गार. दहा मिनिटांत व्हॉल्व्ह सापडला. जुना झाला म्हणून संस्थेनं बॉयलरच बदलून टाकला. चौथ्या दिवशी भिंतीवर नवा कोरा बसला होता.

त्या कामाचा अहवाल ग्लेनिसच्याच पडद्यावर आला. तो छापून ती क्रेगकडे गेली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

"चांगलं झालं की," तो म्हणाला. "हिवाळ्यात त्या घराचे फोन तरी येणार नाहीत."

ग्लेनिसनं नोकरी सोडली नाही. तिच्या वयाला दुसरी मिळणारही नव्हती. लाल वाक्य आलं की ती माणसाला फोन धरून ठेवायला सांगे, ते स्वतःशीच पुटपुटे आणि पुढचं पान उघडे. मेकॅनिक मात्र धडाधड पाठवू लागली. तक्त्यावरचं तिचं नाव खाली घसरत गेलं, क्रेगनं तिची पगारवाढ दोनदा अडवली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात तिनं ब्रिडलिंग्टनला कॉवुडांना पत्र लिहिलं. दोष होता, तो असा असा होता, मला माहीत होतं आणि मी गप्प बसून यादी वाचत राहिले, एवढंच. उत्तर आलं ते त्यांच्या बहिणीचं, दोन ओळींचं. एनिड नोव्हेंबरात गेली. डेस्मंडला तुमचं पत्र दाखवलेलं नाही, कृपया पुन्हा लिहू नये.